एका प्रबंधाला एक खिळा

हातोडी माझ्या ड्रॉवरमध्ये असते,
जुन्या किल्ल्या आणि कुणाकुणाचे विसरलेले हातमोजे यांच्याशेजारी.
सही करून न्यायची, सही करून परत.
खिळे मोजून देतो. एका प्रबंधाला एक.

इथे उमेओत रीतच आहे तशी.
तोंडी परीक्षेच्या तीन आठवडे आधी
छापलेलं पुस्तक भिंतीवरच्या ओंडक्याला ठोकायचं,
म्हणजे ज्याला खोट काढायची आहे
त्याने उभ्या उभ्या काढावी.
कोपऱ्यात भोक मी आधीच पाडून ठेवतो,
नाहीतर पाच वर्षांची मेहनत
पहिल्या घावाला फाटते.

नदीवरचा बर्फ फुटला त्या दिवशी तिघं आले.

तूवे नॉर्डलुंड आधी. दलदलीची माती
हिवाळ्यात किती श्वास सोडते, हे मोजणारा.
सहा वर्षं बर्फाखाली काचेच्या घंटा पालथ्या घालून बसला.
तिसऱ्या वर्षी त्यातल्या दोन
एका एल्कने तुडवल्या.
तक्त्यात त्या जागी नुसती आडवी रेघ आहे
आणि खाली बारीक अक्षरात: एल्क.
त्याने दोन घावांत खिळा बसवला.

मग रिस्टेन. बंद पडलेल्या कागद गिरणीच्या गावात
एकतीस बायकांशी बोलून आलेली.
मी विचारलं, सगळं आलं का यात?
म्हणाली, रेकॉर्डर बंद केल्यावर
कॉफी ओतता ओतता ज्या बोलल्या
ते नाही आलं. तसं कबूल केलं होतं.
पुस्तक चांगलं जाड होतं.
मला वाटलं, खरं जाड पुस्तक ती परत घेऊन निघालीय.

सेलाम तेस्फाय शेवटी.
आई अस्माराहून आलेली, ही इथलीच,
माझ्याइतकीच हेल काढून बोलते.
म्हातारी माणसं का पडतात, हा तिचा विषय.
एकशे सतरा जणांना तिने दोन गटांत वाटलं,
एका गटाला दर मंगळवारी एका पायावर उभं केलं,
दुसऱ्याला दिली फक्त माहितीपत्रिका.
दोन वर्षांनी निष्कर्ष:
फरक आढळला नाही.

ती हातोडी धरून नुसतीच उभी.
म्हणाली, काहीच सापडलं नाही ते कसं ठोकायचं?

या ओंडक्यासमोर माझी एकोणीस वर्षं गेली.
ठोकून देणारे पुष्कळ पाहिले.
'नाही' एवढंच छापायला पाच वर्षं घालणारी
ही पहिली.
तसं मी काही बोललो नाही.
पान त्र्याऐंशी उघडलं आणि विचारलं,
यातला मी कुठला?

ती दचकली. मला ओळखलंच नव्हतं तिने;
मंगळवारी मी गणवेशात नसायचो.
सांगता येणार नाही, म्हणाली.
नावं आणि आकडे जोडणारी यादी नष्ट केली,
नियमच आहे. मलाही माहीत नाही आता.

पण फेब्रुवारीत मी दोनदा पडलो होतो,
एकदा सायकल स्टँडपाशी, एकदा घरी, विनाकारण.
'पडले: दोन वेळा' या ओळीत चार ठिपके आहेत.
त्यांतला एक माझा.
उरलेले तिघं या शहरात कुठेतरी
कठड्याला धरून जिने उतरत असतील.
त्यांची मला नावंही माहीत नाहीत,
तरी आम्ही चौघं एका ओळीत.

तिचा पहिला घाव अंगठ्यावर बसला.
दुसरा ओंडक्यावर.
तिसऱ्याला मी खिळा धरून दिला,
हे नियमात नाही.

रात्री दिवे मालवायच्या आधी
मी तिचं पुस्तक पुन्हा उघडलं.
शेवटची पानं म्हणजे अवघड गणित, ते सोडलं.
आभाराच्या पानावर शेवटून दुसऱ्या ओळीत होतं:
'आणि मंगळवारच्या मंडळींना.'

खाली ठेवलेली बादली बाजूला सारली,
डावा पाय उचलला,
आणि मनात मोजायला लागलो.
एकवीसवर ओंडक्याला हात टेकला.
गेल्या वर्षी चौदा व्हायचे.

हे कुठल्या तक्त्यात जाणार?